पुलापर्यंत एकशे चौऱ्याण्णव मिनिटे

माझ्या सासूबाईंची खुर्ची काढायची शिफारस मीच केली होती, हे मला ती शिफारस मंजूर झाल्यावर कळलं.

म्हणजे लिहिली मीच होती. दोनशे चौदा पानांचा अहवाल, पान एकशे त्रेसष्ट: ‘संदेश टंकनातील मानवी हस्तक्षेप टप्प्याटप्प्याने संपुष्टात आणावा.’ वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि स्वतःवर खूश झालो. मानवी हस्तक्षेप म्हणजे आपल्या बायकोची आई, हे डोक्यात आलंच नाही. सल्लागाराच्या डोक्यात माणसं येत नाहीत, टप्पे येतात.

आमची सल्लागारांची कंपनी रस्ते खात्याला ‘प्रवासी माहिती प्रणालीसाठी साहाय्य’ पुरवत होती. नाक्यापासून पुलापर्यंत बत्तीस किलोमीटरचा मोठा रस्ता आणि त्यावर चौदा इलेक्ट्रिक बोर्ड. पुढे काम चालू आहे, उजवी मार्गिका बंद, पुलापर्यंत बेचाळीस मिनिटे, असलं काहीबाही त्या बोर्डांवर पेटायचं. ते सगळं खात्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कंट्रोल रूममधून सासूबाई टाइप करायच्या. बावीस वर्षं. समोर भिंतीवर बारा पडदे, त्यातले नऊ चालू. त्यांतल्या एकावर कायम एकच झाड दिसायचं, कारण तो कॅमेरा एकदा वाऱ्याने फिरला तो फिरलाच. आणि टेबलामागे त्यांची खुर्ची, लाकडी, हाताला गुळगुळीत झालेली.

कंपनीत काम घेताना एक फॉर्म भरावा लागला होता. ‘खात्यात कोणी नातेवाईक आहे का?’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं, कारण सासू ही नातेवाईक असते का यावर आमच्या ऑफिसात दोन मतं होती. त्यामुळे कंट्रोल रूममध्ये मी त्यांना ‘मॅडम’ म्हणायचो, त्या मला ‘सल्लागारसाहेब’. जिना उतरून फाटकाबाहेर आलो की त्या म्हणायच्या, “जावईबापू, शर्टाचं बटण तुटलंय. सकाळपासून बघतेय, पण तिथं कसं सांगणार?”

तर शिफारस मंजूर झाली. आता एकच चाचणी उरली होती. आमची नवी सिस्टीम एक दिवस आपणहून बोर्ड चालवणार, खात्याची गाडी त्याच रस्त्याने तीन फेऱ्या मारणार, आणि बोर्डावरची वेळ व गाडीला लागलेली वेळ यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक एकदाही पडला नाही तर सिस्टीम पास. पास झाली की कंट्रोल रूममधली खुर्ची रद्द. खुर्ची रद्द झाली की ऑफिसच्या मागचं क्वार्टरही रद्द, कारण ते खुर्चीबरोबर मिळालेलं होतं. आणि क्वार्टर गेलं की सासूबाई कुठे जाणार?

“कुठे म्हणजे?” बायको म्हणाली. “आपल्याकडे.”

“आपल्याकडे दोन खोल्या आहेत.”

“दोन आहेत ना. एक आईला.”

“आणि आपण?”

“तूच सल्लागार आहेस. सल्ला दे.”

सासूबाई बाई म्हणून वाईट नव्हत्या, उलट फार चांगल्या. पण बावीस वर्षं तीन ओळींच्या बोर्डावर लिहून लिहून त्यांचं बोलणंच तसं झालेलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस आमच्याकडे राहिल्या होत्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी बाथरूमच्या दारावर कागद लागला: ‘आत जावई. प्रतीक्षा अठरा मिनिटे. पर्यायी मार्ग नाही.’ मी बाहेर आलो तेव्हा शेजारचे आजोबा तो कागद वाचत उभे होते. आमच्या बाथरूमशी त्यांचा काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं. सिस्टीम नापास करायची.

बाहेरच्याला वाटेल, सिस्टीम नापास करण्यात अवघड ते काय? आमच्या कंपनीने बनवलेली सिस्टीम नापास व्हायला वेगळे कष्ट पडत नाहीत. मलाही तसंच वाटत होतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी आठला सगळे कंट्रोल रूममध्ये जमले. आमच्या कंपनीचे प्रमुख, ज्यांना आम्ही मागून ‘थोरले’ म्हणतो, ते नवा राखाडी टाय लावून आले होते. खात्याचे मुख्य अभियंता पाच मिनिटं डोकावून गेले. मध्ये कोणी बोर्डाला हात लावू नये म्हणून सासूबाईंचा कीबोर्ड कापडी पिशवीत घालून वर लाखेचं सील मारलं आणि त्या सीलवर चार जणांनी सह्या केल्या. लाख कीबोर्डाच्या फटीत गेली. थोरले म्हणाले, “जाऊ द्या, आता लागणारच नाहीये.”

सासूबाई पिशवी पुढ्यात ठेवून, हात मांडीवर घेऊन बसल्या. खुर्ची उद्यापर्यंत त्यांचीच होती.

खात्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर ऑफिसात ‘रॉकेट’ म्हणून ओळखला जायचा, कारण त्याने जन्मात चाळीसच्या वर गाडी नेली नव्हती. मी त्याला जिन्यात गाठलं.

“आज जरा सावकाश ने,” मी म्हणालो.

“आणखी सावकाश? साहेब, मग ती उभी राहील.”

“राहू दे. घाई नाही.”

“सल्ला आहे का हुकूम?”

“सल्ला.”

“मग ऐकतो,” तो म्हणाला. “हुकूम मी ऐकत नाही.”

गाडीत रॉकेटशेजारी स्टॉपवॉच घेऊन उपअभियंता बसले. बोर्डावर त्या वेळी होतं, पुलापर्यंत बेचाळीस. रॉकेटच्या त्या चालीने पंचावन्न तरी लागणारच होते. मी खिडकीशी उभा राहून मनातल्या मनात बायकोला सांगत होतो, बघ, वाचलो.

त्रेचाळीस मिनिटांनी पुलावरून फोन आला. उपअभियंता म्हणाले, “पोचलो. एक मिनिटाचा फरक. तुमची सिस्टीम म्हणजे कमाल आहे.”

थोरल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी रॉकेटला फोन लावला.

“अरे, मी काय सांगितलं होतं?”

“सावकाशच आणली हो. पण नाक्यावर बूथवाल्या बाईने आम्हाला बघून बंद असलेली लेन उघडली. पुढे सगळे सिग्नल हिरवे. खाणीचे ट्रक कधी बाजूला होत नाहीत, ते आज बाजूला होऊन उभे. एक तर उतरून हात हलवत होता. मला वाटलं, मी रिटायर झालो की काय.”

योगायोग असतो एखादा. दुसऱ्या फेरीला मी डाव उलटा केला. परतीची फेरी, बोर्डावर पंचेचाळीस. मी रॉकेटला म्हणालो, “आता सोड गाडी. आयुष्यात एकदा तरी नावाला जाग.”

“साहेब, तुम्ही सकाळी एक सांगता, दुपारी एक.”

“सल्लागार आहे मी.”

त्याने खरंच सोडली. अर्ध्या रस्त्यापर्यंत तो सोळा मिनिटांत आला, म्हणजे तेहतिसात पोचणार होता. आणि बाराव्या किलोमीटरवर पंक्चरवाल्याने रस्त्यात येऊन गाडी अडवली. म्हणाला, मागचं चाक बसलंय. चाक बसलेलं नव्हतं. पण त्याने ते काढलं, पाण्यात बुडवलं, बुडबुडे आले नाहीत म्हणून पुन्हा बुडवलं, उपअभियंत्यांना स्टूल दिलं, चहा दिला, आणि हातातल्या फोनकडे बघून म्हणाला, “झालं, आता निघा. अकरा मिनिटं झाली.”

गाडी चव्वेचाळिसाव्या मिनिटाला नाक्यावर आली.

रॉकेटने हे फोनवर सांगितलं, तेव्हा माझं धाबं दणाणलं ते ‘अकरा मिनिटं झाली’ या शब्दांवर. पंक्चरवाला कधी मिनिटं मोजतो का? मी वळून कंट्रोल रूमच्या काचेतून आत बघितलं. सासूबाई तशाच बसल्या होत्या, सीलबंद पिशवी पुढ्यात. मांडीवर मात्र उघडी डायरी होती आणि कानाला त्यांचा तो जुना बटणांचा फोन.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली गेले, मी दार लावून घेतलं.

“मॅडम.”

“दार लावलंय. आई म्हणा.”

“आई, तो पंक्चरवाला तुमचा कोण?”

“कोणी नाही. बावीस वर्षांची ओळख.”

“आणि बूथवाल्या बाई?”

“तिच्या मुलीचं नाव मी सुचवलंय.” त्या डबा उघडत म्हणाल्या, “खाणीचा मुकादम, रेघा मारणारी टोळी, तिन्ही चौकांतले हवालदार. आहेत सगळे डायरीत. घ्या, तुम्हीही थोडं खाऊन घ्या.”

“म्हणजे दोन्ही फेऱ्या तुम्ही जमवल्यात?”

“जमवल्या काय. बोर्डावर बेचाळीस होतं. गाडी पंचावन्नाला पोचली असती तर बोर्ड खोटा पडला असता.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मग त्यांनी सांगितलं, अगदी भाजी कशी चिरतात हे सांगावं तसं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा रस्त्यावर कॅमेरे नव्हते, खांबांवर डबे नव्हते, काही नव्हतं. साहेब म्हणाले, वेळ लिहा. कुठून लिहिणार? त्यांनी अंदाजाने लिहिलं, पस्तीस मिनिटे. संध्याकाळी एक माणूस जिना चढून वर आला आणि म्हणाला, तुमच्या पस्तीस मिनिटांवर विसंबून निघालो, बाईसाहेब, माझी मुलाखत चुकली. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, जे बोर्डावर लिहिलं ते खरं झालंच पाहिजे. कमी पडलं तर रस्ता मोकळा करायचा, जास्त झालं तर जरा अडवायचा. मिनिटं लिहून झाली की त्या फोनला लागायच्या.

आमच्या अहवालात एक आख्खं प्रकरण होतं: ‘जुन्या नोंदींची अचूकता नव्याण्णव टक्के.’ त्या नोंदींवरच आमची सिस्टीम तयार केलेली. आम्ही समजत होतो बोर्ड रस्त्यामागून चालतो. इथे बावीस वर्षं रस्ता बोर्डामागून चालत होता.

“आई, पण आज बोर्ड तुमचा नाही. सिस्टीमचा आहे. तो खोटा पडला तरच तुमची खुर्ची राहते.”

“माहितीये.”

“मग?”

“रस्त्यावरच्या माणसाला काय माहीत आज कोण लिहितंय? त्याला बोर्ड दिसतो.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “खुर्ची गेली तर जाऊ दे. माझ्या डोळ्यांदेखत बोर्ड खोटा पडलेला मला चालणार नाही.”

“आई, मी तुमच्यासाठी जिवाचं रान करतोय.”

“माझ्यासाठी की त्या बाथरूमसाठी?”

सासू इतकी हुशार असू नये.

पण तिसरी फेरी उरली होती आणि मी इरेला पेटलो होतो. आमची सिस्टीम वेळ कशी काढते ते सांगतो, सोपं आहे. गाडीतल्या मोबाइलची चाहूल नाक्याच्या खांबावरच्या डब्याला लागते, मग पुलावरच्या डब्याला लागते. दोन वेळांची वजाबाकी केली की झालं. मी लॅपटॉप उघडला आणि पुलावरच्या डब्याचं घड्याळ दीडशे मिनिटांनी पुढे केलं. दोन बोटांचं काम. आता चव्वेचाळीस मिनिटांत येणारी प्रत्येक गाडी सिस्टीमला एकशे चौऱ्याण्णव मिनिटांत आल्यासारखी दिसणार. बूथवाली काय, पंक्चरवाला काय, बत्तीस किलोमीटरला सव्वातीन तास कोणी लावून दाखवावेत.

दुपारी पावणेदोनला चौदाही बोर्डांवर पेटलं: पुलापर्यंत १९४ मिनिटे.

तेवढ्यात मुख्य अभियंता वर आले आणि म्हणाले, “शेवटच्या फेरीला मी स्वतः बसतो. बघू तरी.” त्यांनी अजून बोर्ड बघितला नव्हता. थोरल्यांनी बघितला, त्यांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. पण गाडी खाली सुरू झाली होती.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, ओठ हलवत, एकशे चौऱ्याण्णव, एकशे चौऱ्याण्णव, जसं एखाद्याचं नाव आठवत असावं. मग त्यांनी चष्मा पुसला, डायरीचं पहिलं पान उघडलं आणि बटणं दाबायला लागल्या.

“हं, मी बोलतेय. टोळी कुठंय? बसलीय ना? मग उठवा. रेघा मारायच्यात. आज. आत्ता. हो, सहा महिने राहिल्यात त्याच. साहेबांचीच ऑर्डर आहे, कागद माझ्याकडे आहे. आणि नीट वाळू द्या.”

पुढे काय झालं ते मी नऊ पडद्यांवर बघितलं. म्हणजे आठांवर, एकावर झाड होतं.

आधी रस्ता रिकामा झाला. लोकांचा बोर्डावर इतका विश्वास, की १९४ बघून एकजात सगळ्यांनी जुन्या रस्त्याला गाड्या वळवल्या. खाणीचे ट्रक मुकादमाने आत घेतले. दहा मिनिटांत चार मार्गिकांचा तो रस्ता पोरांनी क्रिकेट खेळावं असा मोकळा झाला. त्यावर एकच गाडी, मुख्य अभियंत्यांची. आणि तिच्यापुढे, रस्त्याच्या पूर्ण रुंदीत, आठ माणसं वाकून पांढरी रेघ मारत होती.

उपअभियंत्यांनी खाली उतरून बाजूला व्हायला सांगितलं. टोळीच्या म्होरक्याने खिशातून कागद काढला. कागदावर मुख्य अभियंत्यांची सही होती, ‘रेघांचे काम तातडीने पूर्ण करावे, रंग वाळेपर्यंत कोणतेही वाहन सोडू नये,’ सहा महिन्यांपूर्वीची. साहेबांनी काच खाली करून स्वतःची सही वाचली. पुन्हा काच वर केली.

रंग पन्नास मिनिटांत वाळला. पुढे खाणीजवळ रोलर बंद पडला होता, तो रस्त्यात आडवा का बंद पडला हे रोलरवाल्याला सांगता येईना. मग पंक्चरवाला. या वेळी चाक खरंच बसलं होतं, कारण त्याने रॉकेटशी हात मिळवत असताना दुसऱ्या हाताने वॉल्व्ह काढून घेतला. मग चौकातला हवालदार. त्याने त्या निर्मनुष्य चौकात, जिथे कुत्रंसुद्धा नव्हतं, बत्तीस मिनिटं हात आडवा धरून गाडी थांबवली आणि दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या रस्त्याला शिट्टी वाजवून पुढे सोडत राहिला.

“मॅडम,” थोरले अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे काय चाललंय?”

“गर्दी आहे पुढे,” सासूबाई म्हणाल्या आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, “सल्लागारसाहेब, किती झाले?”

“एकशे एकोणऐंशी,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मग आता सोडायला हवेत.” आणि फोनमध्ये, “हं, हात खाली घे. दुखला असेल.”

पाचला एक मिनिट कमी असताना गाडी पुलावर आली. एकशे चौऱ्याण्णव. पाच मिनिटांचा फरक चालला असता, बाईंनी एकाचाही पडू दिला नाही.

गाडी पुलावरून जाताच बोर्ड बदलला. साहेबांच्या मोबाइलची चाहूल पुलावरच्या डब्याला लागली होती, आणि तो डबा अजून दीडशे मिनिटं पुढे होता. चौदा बोर्डांवर पेटलं: पुलापर्यंत ३४४ मिनिटे.

सासूबाईंनी डायरीचं पान उलटलं.

मी लॅपटॉपवर झेप घेतली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, पण आता थांबवलं नसतं तर त्या बाईने रात्रभर पूल उघडू दिला नसता. घड्याळ जागेवर आणलं.

“काय झालं होतं?” त्यांनी विचारलं.

“किरकोळ बिघाड,” मी म्हणालो.

“हं,” त्या म्हणाल्या. “दीडशे मिनिटांचा किरकोळ.” आणि डायरी मिटली.

मुख्य अभियंता परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना पांढरा रंग लागला होता. खोलीत आम्ही चौघंच: ते, थोरले, मी आणि सासूबाई. थोरल्यांनी घसा साफ केला.

“साहेब, तिन्ही फेऱ्या पास. शेवटच्या फेरीत फरक शून्य. असा निकाल जगात कुठे...”

“तेच तर,” साहेब म्हणाले. “पास झाली. मी स्वतः मोजलं. रिकाम्या रस्त्यावर सव्वातीन तास. का लागले हे मला कळलं नाही, पण तुमच्या यंत्राला आधीच कळलं होतं.” ते खुर्ची ओढून बसले. “आता मला सांगा, उद्या सकाळी सचिव या रस्त्याने येतायत. आठला नाक्यावर. आणि तुमच्या यंत्राने असाच खरा आकडा चौदा बोर्डांवर पेटवला तर?”

“पण तो खरा असेल, साहेब.”

“म्हणूनच विचारतोय. यंत्राला फोन करून सांगता येतं का, बाबा रे, आज जरा कमी लिही?”

दोनशे चौदा पानांत हे कुठेच नव्हतं.

साहेब सासूबाईंकडे वळले. “बाई, उद्या तुम्ही बसा. बोर्डावर चाळीस पाहिजे. चाळीसच्या वर एक मिनिट नको.”

“सकाळी आठला पन्नास-बावन्न लागतात, साहेब.”

“लागू देत. बोर्डावर चाळीस. ते दिसलं, सचिव खूश झाले, की तुमची खुर्ची कायम. क्वार्टर कायम. मी लिहून देतो.”

मी बाईंकडे बघत होतो. आजन्म खोटं न लिहिलेली बाई. माझ्या डोळ्यांसमोर आमची बाहेरची खोली आली, खिडकीपाशी त्यांची पेटी, दारावर कागद.

“बोर्डावर चाळीस असलं,” सासूबाई सावकाश म्हणाल्या, “तर चाळीसच लागतील, साहेब.”

“तेच म्हणतोय मी,” साहेब म्हणाले आणि उठले. दोघंही आपापल्या समजुतीने समाधानी होती.

ते गेल्यावर सासूबाईंनी पिशवीचं सील फोडलं, कीबोर्डातली लाख हेअरपिनने उकरून काढली आणि फोन उचलला. “हं, मी बोलतेय. उद्या सकाळी सगळी बूथ उघडी पाहिजेत. सगळी म्हणजे सगळी. तुझ्या साहेबाला सांग, माणसं नाहीत तर त्याने स्वतः बसावं.” मग मुकादमाला, खाणीचे ट्रक सातच्या आत बाहेर, नाहीतर नऊनंतर. मग टोळीला, एकोणिसाव्या किलोमीटरवर मोरीच्या कामाची म्हणून तीन वर्षं पडलेली पिंपं सकाळपर्यंत दिसता कामा नयेत. “कुठे ठेवू काय विचारतोस? तीन वर्षं रस्त्यात ठेवलीस तेव्हा विचारलं होतंस का?”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“जावईबापू, तुम्ही बाराव्या खांबापाशी.”

“मी? आई, मी सल्लागार आहे.”

“म्हणून तर. आजवर उंटावरून शेळ्या हाकल्यात. उद्या एकदा खाली उतरा.”

तर दुसऱ्या दिवशी सचिवांची गाडी पुलावर बरोबर चाळिसाव्या मिनिटाला पोचली, त्यांनी घड्याळ बघितलं, बोर्ड बघितला, आणि खुर्ची कायम झाल्याचा कागद जेवणाच्या आत निघाला, हे सगळं मला मागाहून कळलं. मी तेव्हा बाराव्या खांबापाशी उभा होतो, टायवर नारिंगी जाकीट, हातात लाल झेंडा, कानाला फोन. समोरून रस्ता इतका मोकळा वाहत होता की कोणाला खरं वाटलं नसतं. पिंपं गेली होती, ट्रक गेले होते, बूथवर कोणी थांबत नव्हतं. सगळे वेळेच्या आधी पोचत होते.

“गाडी दिसतेय का?” फोनमधून आवाज आला.

“दिसतेय. पण फार जोरात येतेय, आई. सदतिसातच पोचेल.”

“बोर्डावर काय आहे?”

“चाळीस.”

“मग?”

मी रस्त्यात उतरलो आणि झेंडा आडवा धरला. काळी लांबलचक गाडी माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. मागची काच खाली आली. आत चष्मा, फाइल आणि फार मोठ्या पदावरच्या माणसाचा चेहरा.

“काय झालं? पुढे काम चालू आहे का?”

“नाही, साहेब.”

“अपघात?”

“नाही.”

“मग थांबवलं कशाला?”

“तुम्ही लवकर आलाय, साहेब,” मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी झेंड्याकडे बघत राहिलो. कानात सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तिसरं जाता जात नव्हतं.

“सोडा आता,” फोनमधून आवाज आला.